मुका झालेला लिनक्स

लिनक्समध्ये ध्वनीचा ड्रायव्हर बदलला की संगणक अनेकदा मुका होतो. बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. 'अल्सा' ही ध्वनिव्यवस्था 1998 मध्ये सुरू झाली आणि 2003 च्या 2.6 कर्नेलपासून जुन्या 'ओएसएस'ची जागा तिने घेतली. तिचा नवा ड्रायव्हर वाहिन्या बंद ठेवूनच सुरू होतो. स्पीकर अचानक कर्कश वाजू नये, म्हणून. शहाणपणाचीच सोय, पण तिच्यापायी माणूस तासभर वायरी हलवत बसतो.

टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडावा. पट्टीखाली 'एमएम' दिसले तर ती वाहिनी बंद; 'एम' दाबताच तिथे '00' येते. 'मास्टर'बरोबर 'पीसीएम' आणि 'हेडफोन'ही पाहावेत. तरीही शांतताच असेल, तर आवाज एचडीएमआयमार्गे मॉनिटरकडे जात असण्याची शक्यता असते. 'एफ6' दाबून योग्य कार्ड निवडावे. कार्डच दिसत नसेल, तर बहुधा ड्रायव्हर लोड झालेला नसतो. 'पल्सऑडिओ' किंवा 'पाइपवायर' हे अल्साच्या वरचे थर. त्यांच्याकडे शेवटी वळावे.

मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. अर्थात, त्यासाठी आधी आवाज यायला हवा.

आवाज आला की मिक्सरमध्ये जमलेली मांडणी 'अल्सासीटीएल'च्या (alsactl) 'स्टोअर' आज्ञेने साठवून ठेवता येते.