कातडीचा जमाखर्च

‘सुटले बाई एकदाची!’ पाळी थांबली की पुष्कळ बायका असेच म्हणतात. पण वर्ष-दोन वर्षांत अंगाला खाज सुटू लागते, नडग्यांवर पांढुरके खवले दिसतात, बांगड्या भरताना हात सोलतो. घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ वय झाले खरे. पण त्यामागे एक नेमके कारण आहे.

बीजकोशातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्वचेचा ओलावा सांभाळते, तिला घट्टपणा देणारे कोलॅजेनही टिकवते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतले जवळजवळ ३० टक्के कोलॅजेन कमी होते. पुढे दरवर्षी सुमारे २ टक्के. बँकेत आयुष्य घालवल्यामुळे मला हे ठेव मोडण्यासारखे वाटते. जमा आटते, खर्च चालूच राहतो. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर बाई पस्तिशीची असली तरी हे सारे एकदम अंगावर येते.

आमच्या वाशिम जिल्ह्यात या खर्चात उन्हाची आणि कष्टांची भर पडते. सोयाबीनचे निंदण, तुरीची सोंगणी करून बोटांच्या रेषा झिजतात. त्यात त्वचा कोरडी पडलेली. मग आधारच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि निराधार योजनेचे हक्काचे पैसे हाती येईनात. बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवण्याची सोय आहे, हे तिला कुणी तरी सांगायला हवे.

गालावरच्या वांगासाठी ‘गोरे करणारी’ ट्यूब परस्पर आणली जाते. अशा कित्येक मलमांत स्टिरॉईड असते. आधीच पातळ झालेली त्वचा त्याने आणखी पातळ होते, लाल पडते. २०१८ साली सरकारने अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, ती उगीच नव्हे.

उपाय साधे आहेत. कोमट पाण्याने आंघोळ, साबण बेताचा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेलाचा हात. शेतात साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणाऱ्या बाईला हसू नये. उन्हापासून इतके स्वस्त संरक्षण दुसरे नाही. खाज थांबत नसेल तर साखर आणि थायरॉईड तपासावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र डॉक्टरांकडे जायला चालढकल करू नये.

लेकीच्या वेणीसाठी घरात तेलाची बाटली रोज निघते. आईच्या नडग्यांसाठीही ती निघायला हवी.