बगदादचे ज्यू: गेले की घालवले?

अरब देशांतले ज्यू म्हणजे बाहेरून येऊन राहिलेले उपरे, असे अनेकांना वाटते. इराकपुरते पाहिले तरी हे खोटे ठरते. आजच्या इराकमधल्या बॅबिलोनच्या राजाने जेरुसलेमहून ज्यूंना कैद करून नेले ते इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात. इस्लामचा उदय व्हायला अजून हजारावर वर्षे होती. त्यांच्या वंशजांच्या घरात पुढे अरबीच बोलली जाई. आधुनिक इराकचे पहिले अर्थमंत्री सासून एस्केल ज्यू होते. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची परिषद भरली, तेव्हा इराकने पाठवलेले वादकही ज्यूच होते.

इस्राएल झाले आणि मगच सगळे बिघडले, हाही एक समज. पण पुण्याच्या ससून रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, ते डेव्हिड ससून बगदादचा सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचामुळेच ते शहर सोडून १८३२च्या सुमारास मुंबईत आले होते. आणि इस्राएलच्या स्थापनेआधी सात वर्षे, १ व २ जून १९४१ रोजी, बगदादेत ‘फरहूद’ झाला. शंभराहून अधिक ज्यू मारले गेले, घरे-दुकाने लुटली गेली. त्याच दोन दिवसांत कित्येक मुसलमान शेजाऱ्यांनी ज्यू कुटुंबांना आपल्या घरात लपवले, हेही तितकेच खरे.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे ‘ते आपखुशीने गेले’.

१९४८ नंतर ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढले गेले. बसऱ्याचे धनाढ्य व्यापारी शफीक अदस यांना इस्राएलला शस्त्रे विकल्याच्या आरोपावरून त्यांच्याच घरासमोर फाशी दिले गेले. मंत्र्यांमध्ये ऊठबस असलेल्या माणसाची ही गत, तर सामान्यांनी कोणाकडे पाहायचे? मार्च १९५०मध्ये कायदा आला: नागरिकत्व सोडा आणि जा, परतीची वाट बंद. लाखावर लोकांनी नावे नोंदवली. बरेचसे अजून विमानाची वाट पाहत असतानाच, मार्च १९५१मध्ये, नागरिकत्व सोडलेल्यांची मालमत्ता सरकारने गोठवली. सुमारे १ लाख २० हजार माणसे थोडे सामान आणि मोजके दिनार घेऊन निघाली. याला स्वेच्छा म्हणणे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे आहे.

इस्राएलमध्येही त्यांच्या वाट्याला आधी तंबूंच्या छावण्याच आल्या.

इराकमध्ये काही हजार ज्यू मागे राहिले. जानेवारी १९६९मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून नऊ ज्यूंना बगदादेत जाहीर फाशी दिले गेले. त्यानंतर उरलेल्यांपैकी अनेक जण कुर्दांच्या मदतीने डोंगर ओलांडून इराणमध्ये निसटले.