भर समुद्रातली गवाही

मागच्या महिन्यात सहावीच्या वर्गात हजरत युनूस (अ.स.) यांचा किस्सा चालला होता. तास संपता संपता एका मुलीने हात वर केला, "सर, एवढे मोठे मासे आता आहेत का, की माणसांनी संपवले?"

आमच्या संग्रामपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. वर्गात समुद्र पाहिलेली दोनच मुले, तीही मुंबईला हाजी अलीला जाऊन आलेली. खारे पाणी म्हटले की आमच्याकडे खारपाणपट्ट्यातली विहीर आठवते. पण त्या मुलीचा प्रश्न मनातून जाईना. त्या निमित्ताने जे वाचले, ते वाचकांसमोर ठेवतो.

किश्शातला मासा नेमका कोणता, हे अल्लाहच जाणे. आज समुद्रातला सर्वांत मोठा जीव म्हणजे देवमासा. नाव मासा असले तरी तो फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. विसाव्या शतकात तेलासाठी आणि मांसासाठी त्याची इतकी शिकार झाली की काही जाती संपण्याच्या बेतात आल्या.

नियम नव्हते असे नाही. १९४६ मध्ये देशादेशांत करार झाला आणि आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग स्थापन झाला. पण भर समुद्रात पोलीस चौकी नसते. सोव्हिएत जहाजांनी वर्षानुवर्षे आयोगाला खोटे आकडे दिले. १९९० नंतर त्यांच्याच शास्त्रज्ञांनी जुनी दप्तरे उघडली, तेव्हा कळले की सुमारे १,८०,००० देवमाशांची शिकार नोंदवलीच नव्हती. रजिस्टर चोख आणि कोठार रिकामे, हा प्रकार आपल्यालाही नवा नाही.

अशा ठिकाणी पाहणारा कोणीतरी हवा असतो. जून १९७५ मध्ये ग्रीनपीस संघटनेची काही माणसे मासेमारीची एक जुनी बोट घेऊन कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सोव्हिएत ताफ्यापर्यंत पोहोचली. रबरी होड्यांत बसून ती देवमासे आणि शिकारी जहाजाची तोफ यांच्या मधोमध गेली. समोर माणसे दिसली तर भाला सोडणार नाहीत, असे त्यांना वाटले होते. भाला सुटला, त्यांच्या डोक्यावरून गेला आणि देवमाशाला लागला. त्या दिवशी जनावर वाचले नाही. पण सारे कॅमेऱ्यात आले होते आणि ते जगभरातल्या घरांत टीव्हीवर दिसले. पुढे १९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला आणि १९८६ पासून ती लागू झाली.

बंदीत एक पळवाट होती. संशोधनासाठी शिकारीची परवानगी देण्याचा अधिकार प्रत्येक देशाकडे होता. जपानची जहाजे त्याच परवान्यावर अंटार्क्टिकात शेकडो देवमासे मारत आणि मांस बाजारात जाई. रबरी होडीतल्या त्याच माणसांपैकी पॉल वॉटसन यांनी १९७७ मध्ये 'सी शेफर्ड' ही वेगळी संघटना काढली होती. तिची जहाजे अनेक हंगाम या ताफ्याच्या मागे राहिली. जहाजाच्या पंख्यात अडकतील असे दोर टाकणे, दुर्गंधीच्या बाटल्या फेकणे, वाट अडवणे, असे त्यांचे मार्ग होते. जानेवारी २०१० मध्ये जपानी जहाजाशी टक्कर होऊन त्यांची 'अ‍ॅडी गिल' ही बोट फुटली. सहाही माणसे वाचली, हे नशीब.

हे सारे योग्यच होते, असे मला मुलांना सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१३ मध्ये या पद्धतींना चाचेगिरी म्हटले. जुल्म रोखताना दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे, हाही जुल्मच. वाट अडवणे आणि गवाही देणे यांत फरक आहे, आणि माझ्या मते शिकाऱ्यांना जड गेली ती गवाहीच.

ऑस्ट्रेलियाने हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. ३१ मार्च २०१४ रोजी १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की जपानचा हा कार्यक्रम संशोधनाच्या व्याख्येत बसत नाही. त्या बारा जणांत भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. निकालाने शिकार कायमची थांबली नाही. नवा कार्यक्रम आखून जहाजे पुन्हा गेली. २०१९ मध्ये जपान आयोगातूनच बाहेर पडला आणि त्याची शिकार स्वतःच्या हद्दीपुरती राहिली. अंटार्क्टिकातली त्याची शिकार मात्र बंद झाली.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. रत्नागिरीच्या बंदरांत आपले दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत. जाळ्यात कधी देवमासा, कधी व्हेल शार्क, कधी कासव अडकते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे जीव संरक्षित आहेत. पण सोडवायचे तर जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे घरची रोजी. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासन अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ दाखवावे लागतात. म्हणजे इथेही गवाहीच लागते. फरक इतकाच की हा मच्छीमार दुसऱ्याची वाट अडवत नाही, स्वतःचेच जाळे कापतो.

आपण किनाऱ्यापासून दूर, पण बाजारापासून दूर नाही. वर्तमानपत्रात 'देवमाशाची उलटी' पकडल्याच्या बातम्या येतात. तोच अंबर, अत्तरात नावाजलेला. भारतात त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. कोणी अस्सल अंबर म्हणून काही दाखवले, तर घेऊ नका आणि घरातल्या मुलांना कारण सांगा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले, "आहेत बेटा, अजून आहेत." ती म्हणाली, "मग मोजतं कोण, सर?" पुढचा तास त्यावरच गेला.