हौस आणि हिशेब

'हौसेला मोल नाही' अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. हौस पुरविताना पैशाकडे पाहू नये, असा तिचा अर्थ. सणासुदीला, लग्नकार्यात किंवा जत्रेत ती सहज ओठांवर येते. परंतु त्याच मराठीत 'अंथरूण पाहून पाय पसरावे' अशीही म्हण आहे. ह्या दोहोंपैकी कोणती केव्हा मानावी, हे ठरविण्याचा प्रसंग आज अनेक घरांत एका वस्तूमुळे येतो. ती वस्तू म्हणजे खेळांसाठी खास घडविलेला संगणक, अर्थात गेमिंग कॉम्प्युटर.

ह्या यंत्राची किंमत अर्ध्या लाखाच्या आसपास सुरू होते आणि काही लाखांपर्यंत जाऊन पोहोचते. मुलांना ते हवेहवेसे वाटते; वडील माणसांना तो खर्च म्हणजे उधळपट्टी वाटते. मुले हट्ट धरतात, मोठी माणसे नकार देतात, आणि त्या पेटीत नेमके काय असते ह्याचा विचार बहुधा दोघेही करीत नाहीत. वस्तूचे मोल ठरवावयाचे, तर आधी ती वस्तू समजून घेतली पाहिजे.

संगणकावरील खेळांचा आरंभ मोठा मौजेचा आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम ह्या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका लहानशा गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडून दाखविला. पुढे १९६२ साली एम.आय.टी. ह्या प्रसिद्ध संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. ज्या संगणकावर तो रचला, त्याची किंमत त्या काळी सुमारे १,२०,००० डॉलर होती. मात्र तो संगणक खेळण्यासाठी कोणी विकत घेतलेला नव्हता. तो संशोधनासाठी आणलेला होता. खेळ हे फावल्या वेळाचे फळ होते. आज स्थिती उलटी झाली आहे. आज खेळ डोळ्यांपुढे ठेवूनच यंत्र घडविले जाते.

असे यंत्र महाग का पडते? पडद्यावरचे हलते चित्र हा वस्तुतः डोळ्यांना होणारा भास असतो. एकामागून एक स्थिर चित्रे भराभर दिसू लागली की ती हलत आहेत असे वाटते. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे दाखवितात. परंतु ती सर्व आधीच तयार असतात. संगणकावरील खेळात तसे करता येत नाही. खेळाडू डावीकडे वळेल की उजवीकडे, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी नव्याने काढावे लागते. शिवाय सामान्य प्रतीच्या पडद्यावरही १,९२० उभ्या आणि १,०८० आडव्या रांगांत मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे काढावयाची, तर एका सेकंदात सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात! 'फोर के' नावाच्या मोठ्या पडद्यावर हे ठिपके चौपट असतात. तेथे हाच आकडा पन्नास कोटींच्या घरात जातो.

हे अचाट काम ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग करतो. संगणकाचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ह्यांतील भेद ठिपक्यांच्या रांगोळीवरून ध्यानात येईल. प्रोसेसर हा चार-आठ निष्णात कलावंतांसारखा असतो. कितीही अवघड काम सांगा, तो ते करील. ग्राफिक्स कार्ड हे हजारो मुलींच्या मेळाव्यासारखे असते. प्रत्येकीला एकच लहान घर रंगवावयाचे असते. पण सर्वजणी एकाच वेळी रंगवू लागल्या की अंगणभर रांगोळी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरी होते. खेळासाठीच्या संगणकात ह्या एकाच भागावर पुष्कळदा सर्वांत अधिक पैसा खर्च होतो. एका प्रसिद्ध कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या सर्वांत बलाढ्य कार्डाची किंमत १,९९९ डॉलर होती.

आता खरा प्रश्न असा की, दुप्पट पैसे मोजले तर आनंदही दुप्पट होतो काय? थोडे गणित करून पाहू. सेकंदाला ३० चित्रे असली, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ३० ची ६० चित्रे केली की हा वेळ सुमारे १७ मिलिसेकंदांनी घटतो, आणि तो फरक कोणाच्याही डोळ्यांना जाणवतो. ६० ची १२० केली की सुमारे ८ मिलिसेकंद वाचतात. १२० ची २४० केली की अवघे ४ मिलिसेकंद वाचतात. प्रत्येक वेळी यंत्राचे काम दुप्पट होते, लाभ मात्र निम्म्यावर येतो. भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीने जे समाधान मिळते, ते चौथ्या भाकरीने मिळत नाही; तसाच हा प्रकार आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या कसलेल्या खेळाडूला हे चार मिलिसेकंदही उपयोगी पडू शकतात. परंतु सुटीच्या दिवशी मौजेखातर खेळणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट समतोलाची. एक बैल तगडा आणि दुसरा अशक्त अशी जोडी गाडीला जुंपली, तर गाडी अशक्त बैलाच्याच चालीने चालते. संगणकाचेही तसेच आहे. कार्ड सेकंदाला २०० चित्रे काढण्याइतके समर्थ असले, पण मॉनिटर ६० चित्रेच दाखवू शकत असला, तर उरलेली मेहनत बहुतांशी वाया जाते. प्रोसेसर मंद असेल, तर कार्डाला कामाची वाट पाहत बसावे लागते. रॅम म्हणजे जणू कामाचे मेज. ते अपुरे पडले की सामान सारखे कोठीतून आणावे आणि परत ठेवावे लागते. पुष्कळ जण महाग कार्ड घेतात आणि वीज पुरविणाऱ्या भागात, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, काटकसर करतात. ही काटकसर घातक होय. हलक्या प्रतीचा पॉवर सप्लाय बिघडताना इतर मौल्यवान भागांचेही नुकसान करू शकतो.

किंमत आणि मोल ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, ह्याचा एक ठळक दाखला अलीकडेच जगाने पाहिला. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेले एक ग्राफिक्स कार्ड २०२१ साली बाजारात दुपटीहून अधिक दराने विकले जात होते. महासाथीमुळे घरी बसलेल्या लोकांची मागणी वाढली होती; मालाचा पुरवठा अपुरा होता; आणि ईथर नावाचे आभासी चलन मिळविण्यासाठी काही लोक अशी कार्डे मोठ्या संख्येने विकत घेत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धतच बदलली आणि त्या कामासाठी कार्डांची गरज उरली नाही. ह्या सर्व काळात कार्ड तेच होते. त्याच्या शक्तीत तसूभरही भर पडलेली नव्हती. ज्यांनी धीर धरला त्यांचे पैसे वाचले. ज्यांना धीर धरवला नाही त्यांनी त्याच वस्तूसाठी दुप्पट दाम मोजले.

शिवाय दुकानातील किंमत म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. खेळताना ५०० वॅट वीज घेणारा संगणक रोज दोन तास चालविला, तर दररोज एक युनिट, म्हणजे वर्षाला ३६५ युनिटे वीज लागते. तेवढ्याच एका युनिटावर ९ वॅटचा दिवा एकशे अकरा तास जळतो. यंत्र कर्जाऊ घेतले, तर व्याजाचा भार निराळाच. समजा, १,२०,००० रुपयांचा संगणक वार्षिक १५ टक्के व्याजाने चोवीस मासिक हप्त्यांत घेतला. दरमहा सुमारे ५,८१८ रुपये भरावे लागतील, आणि अखेरीस सुमारे १९,६०० रुपये अधिक गेलेले दिसतील. दोन वर्षांनी हप्ते फिटतात, तोवर त्याहून सरस यंत्रे बाजारात आलेली असतात. ऋण काढून सण करणे म्हणतात ते हेच. काही घरांत ही रक्कम शिल्लक असते. काही घरांत ती शाळेच्या शुल्कातून, औषधपाण्यातून किंवा आईने गाठीला बांधलेल्या पुंजीतून येते. यंत्राच्या पेटीवर ही गोष्ट लिहिलेली नसते. ती ज्याची त्याने जाणावयाची असते.

मग खेळाचा आनंद गरिबाने घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. १९८४ साली मॉस्को येथे अलेक्सी पाजित्नोव्ह ह्याने 'टेट्रिस' हा खेळ रचला. त्याच्या संगणकाला चित्रे काढता येत नव्हती. म्हणून त्याने कंसासारखी अक्षरचिन्हे जुळवून खेळातले ठोकळे बनविले. ना रंग, ना झगमगाट. तरीही त्या खेळाने साऱ्या जगाला वेड लावले. चांगल्या कल्पनेला महाग यंत्राची गरज नसते, हे ह्यावरून दिसते. आजही बुद्धीला चालना देणारे अनेक सुंदर खेळ साध्या संगणकावर उत्तम चालतात.

तथापि दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. खेळासाठी घडविलेले यंत्र केवळ खेळण्यापुरतेच असते असे नाही. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील अलेक्स क्रिझेव्हस्की ह्या तरुणाने इल्या सट्स्केव्हर हा सहकारी आणि जेफ्री हिंटन हे गुरू ह्यांच्यासह संगणकाला छायाचित्रे ओळखावयास शिकविले. त्यासाठी त्याने खेळांसाठीची दोन ग्राफिक्स कार्डे वापरली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात त्या कामाचे स्थान फार मोठे आहे. लाटव्हिया ह्या चिमुकल्या देशातील गिंट्स झिल्बालोडिस ह्या दिग्दर्शकाचा 'फ्लो' हा चित्रपट 'ब्लेंडर' नावाच्या विनामूल्य प्रणालीवर तयार झाला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. ज्याच्या हाताला काम आहे, त्याच्या हाती असे यंत्र अवजार बनते. अवजारावर केलेला खर्च हा निव्वळ खर्च राहत नाही. त्यातून काही निपजते.

मात्र येथे एक गफलत टाळली पाहिजे. 'मी त्यावर अभ्यास करीन, चित्रपट करीन' असे म्हणून यंत्र मागणे सोपे असते. क्रिझेव्हस्कीला काम आधी सुचले होते, कार्डे त्यासाठी वापरली गेली. कार्ड घरात आले म्हणून काम सुचले, असे घडले नाही. ब्लेंडर शिकण्यास किंवा संगणकाची भाषा शिकण्यास शाळेतील अथवा घरातील साधा संगणक प्रारंभी पुरेसा असतो. शिकता शिकता तो अपुरा पडू लागला, म्हणजे मोठ्या यंत्राची गरज खरी ठरते.

म्हणून खरेदीपूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावे. ह्या यंत्रावर मी नेमके काय करणार? घरात जे आहे, त्यावर ते होणार नाही काय? एखादा भाग बदलून किंवा वाढवून काम भागेल काय? आणि हा खर्च केल्याने घरातील कोणाची निकडीची गरज अडून राहील काय? घरच्या संगणकात रॅम वाढविली किंवा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, तर थोड्या पैशांत तो पुष्कळ चपळ होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटे भाग निवडून संगणक जुळवून मिळतो. तेथे जाणत्या माणसाला सोबत घेऊन, चार दुकानांत भाव विचारून, प्रत्येक भागाची पावती आणि वॉरंटी घेऊन खरेदी करणारा बहुधा फसत नाही.

ह्या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिल्यावर जो खर्च योग्य ठरेल, तो आनंदाने करावा. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही; खेळ ही जीवनातील निर्मळ आनंदाची गोष्ट आहे. पण शेजाऱ्याकडे आहे म्हणून, किंवा सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले असे मानून जो पैसे ओततो, तो यंत्राचा धनी न होता त्याचा चाकर होतो. हौसेला मोल नसेल, पण हौस पुरविण्यासाठी लागणाऱ्या घामाला मोल असते. ते मोल ज्याला कळते, त्याच्या घरी साधे यंत्रही शोभून दिसते.

स्वाध्याय

१. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ह्यांच्या कामातील फरक रांगोळीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. 'यंत्राचे काम दुप्पट होते, लाभ मात्र निम्म्यावर येतो' हे विधान पाठातील आकडे देऊन पटवून द्या.
३. बैलजोडीच्या दृष्टांतातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : ऋण काढून सण करणे, गाठीला बांधणे, वेड लावणे, पत्ता न लागणे.
५. तुमच्या घरी नुकत्याच घेतलेल्या एखाद्या वस्तूला पाठातील चार प्रश्न लावून पाहा व उत्तरे दहा ओळींत लिहा.