सुपारी फुटायच्या आधी

तुळशीची लग्नं लागली, आता गावोगाव मांडव दिसायला लागतील. गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत तिघींनी एकाच दिवशी कर्ज मागितलं, आणि तिघींचं कारण एकच, पोरीचं लग्न. म्हणून आज लग्नाच्या तयारीविषयी बोलू. साडी कुठली घ्यावी, रुखवत कसं मांडावं हे मी सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजतं. मी बोलणार आहे पैशाविषयी, आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी आईची जी झोप उडते तिच्याविषयी.

माझ्या थोरलीचं लग्न नऊ वर्षांपूर्वी झालं. त्यात किती खर्च झाला ते मला लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. कारण ठरवत सगळेच होते, लिहीत कुणीच नव्हतं. दीर म्हणाले मांडव मोठा हवा, नणंद म्हणाली जिलेबी हवीच, कुणी म्हणालं बँड नसला तर लोक नावं ठेवतील. प्रत्येकाचं थोडंथोडं ऐकता ऐकता एक लाख कमी पडले, ते सावकाराकडून शेकडा तीननं घेतले. शेकडा तीन ऐकायला केवढंसं वाटतं! पण तो दर महिन्याचा असतो. लाखाला महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,०००. दोन वर्षं आम्ही नुसतं व्याज भरलं, ७२,००० रुपये, आणि मुद्दल जागच्या जागी. शेवटी दुभत्या दोन गायी विकल्या. लेक पंचमीला माहेरी आली, गोठा मोकळा बघून काही बोलली नाही. ते न बोलणं मला फार लागलं.

धाकटीच्या वेळी म्हणून मी आधी शंभर पानी वही आणली.

वहीच्याही आधीची एक गोष्ट आहे. पोरीला बाजूला बसवून विचारा, मुलगा पसंत आहे का, आणि आत्ता लग्न करायचंय का. चारचौघांत विचारलं तर ती मान खाली घालून हो म्हणणारच. आणि वयाचा दाखला दोघांचाही डोळ्यांनी बघा. मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं कमी वयात लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आईबापांपासून लग्न लावणाऱ्यापर्यंत सगळे त्यात येतात. गावात असं काही घडत असेल तर १०९८ हा नंबर लावा.

आता वहीचं पहिलं पान. आपण काय करतो, आधी लग्न ठरवतो आणि मग पैसे शोधतो. मी उलटं केलं. सुपारी फुटायच्या आधी आम्ही नवराबायको चुलीपुढं बसलो आणि हातात खरंच किती आहेत ते लिहिलं. गटातली माझी बचत ३०,०००, भिशीचे २५,०००, कांद्याची पट्टी ५५,०००, यजमानांनी बाजूला ठेवलेले ५०,०००. झाले १,६०,०००. त्यातले १०,००० मी वेगळ्या बटव्यात घातले, ते नाहीतच असं धरलं. म्हणजे लग्न १,५०,००० चं. येणाऱ्या पिकाचे पैसे धरले नाहीत. पिकाचा भरवसा आपल्याला माहीत आहे. नवं सोनं घेतलं नाही, माझी बोरमाळ मोडून मंगळसूत्र केलं.

दुसऱ्या पानावर माणसं. खर्च सगळ्यात जास्त फुगतो तो इथं. जेवणाचं ताट १३० रुपयांना पडत असेल तर १,००० माणसांचे १,३०,००० होतात, ४५० माणसांचे ५८,५००. बँड, फेटे, फटाके यांत कितीही काटकसर केली तरी एवढा फरक पडत नाही. म्हणून पत्रिका छापायला टाकायच्या आधी एकेक नाव लिहा. घरी यावरून भांडण होणार. आमच्याकडं झालं, दोन दिवस दीर जेवायला आले नाहीत. पण ते भांडण लग्नाच्या तीन महिने आधी झालं, मांडवात झालं नाही. तीन महिन्यांत राग निवतो.

मग याद. सोयरे बसतात, कुणी काय करायचं ते बोलतात, आणि घरी जाऊन प्रत्येकाला वेगळंच आठवतं. आम्ही ते बोलणं कागदावर उतरवलं, दोन प्रती केल्या, दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या. वऱ्हाड किती येणार, त्यांची गाडी कुणी करायची, जेवणाचा खर्च निम्मा-निम्मा, बस्ता ज्याचा त्यानं. आणखी एक कलम मी हट्टानं घातलं, मांडवात सत्कार नाहीत आणि टॉवेल-टोपी नाही. थोरलीच्या वेळी मुहूर्त साडेबाराचा होता आणि माईकवर नावं पुकारता पुकारता अक्षता पडल्या अडीचला. लेकरं उन्हात रडत होती. बायकांचा सत्कार तर कुणी केलाच नव्हता, पण ते राहू द्या.

यादीत “मुलाच्या गाडीला काहीतरी बघा” किंवा “पोशाखाचं तुम्हीच समजून घ्या” असं बोलणं निघालं तर तो हुंडाच. १९६१ च्या कायद्यानं हुंडा घेणाराही गुन्हेगार आणि देणाराही. हौसेनं मुलीला जे देता, भांडी, कपाट, दागिना, त्याची यादी करून नवरानवरीची सही घ्या. १९८५ च्या नियमांत ही यादी सांगितलेलीच आहे. पुढं वाईट दिवस आला तर मुलीच्या वस्तू मुलीच्या म्हणून दाखवता येतात.

कमी खर्चाचं लग्न ही काही आजची टूम नाही. पुण्यात २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. यादीच्या बैठकीतच अक्षता टाकतात ती “यादी पे शादी” तर तुम्ही पाहिली असेल. शेतकरी, शेतमजुरांच्या मुलींसाठी शासनाची शुभमंगल विवाह योजनाही आहे. सामूहिक किंवा नोंदणी पद्धतीनं लग्न केलं तर मदत मिळते. चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करा, आणि लग्नाच्या आधी करा.

तारीख धरताना नवरीला तिच्या पाळीची तारीख विचारा. भटजी तीन-चार मुहूर्त देतातच. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. सगळ्याच मुलींना त्या चालतात असं नाही, डॉक्टरांना दाखवूनच घ्यायच्या.

शेवटच्या आठवड्यात आईनं सगळं अंगावर घ्यायचं नाही. मी एकेका कामापुढं एकेक नाव लिहिलं. कोठीची चावी जावेकडं, पाण्याचं भाच्याकडं, रोख पैसे फक्त माझ्या भावाकडं, आणि त्यानं दिलेला रुपयाही वहीत. आचाऱ्याला माणसांचा खरा आकडा सांगा. भीतीपोटी वाढवून सांगितला की भात उकिरड्यावर जातो. माणशी ८० ते १०० ग्रॅम तांदूळ धरला तर ४५० माणसांना ३६ ते ४५ किलो. पिण्याचं पाणी माणशी एक लिटर धरा, म्हणजे वीस लिटरचे २३ जार. उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि हळदीच्या दिवशी नवरीला वेळेवर जेवू घालणारी एक बाई नेमा. सगळ्या गावाला वाढतात, तीच उपाशी राहते.

लग्न लागलं की नोंदणी. ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे दाखले, फोटो, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात. मुदत गेली तरी नोंदणी होते, पण दंड भरून. धाकटीला मी पाचपरतावण्यालाच नेलं, साक्षीदार सगळे घरातच होते.

बटव्यातल्या दहा हजारांतले ३,७०० जनरेटरला गेले, ऐन हळदीत वीज गेली होती. उरलेले ६,३०० गटात परत भरले. ती वही आता गटात फिरते. सध्या खालच्या वस्तीवरच्या वहिनींकडं आहे, त्यांच्या पोरीची याद येत्या रविवारी आहे.