जमीन, मजूर आणि नफा : एकच हिशेब

सन २०१० च्या हंगामांत नाशिककडील द्राक्ष-बागाईतदारांवर जो प्रसंग ओढवला, त्याचें स्मरण पुष्कळ वाचकांस असेल. वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या द्रव्याचा अंश मर्यादेहून अधिक आढळल्यामुळें युरोपच्या बाजारानें आपला माल नाकारला. द्राक्षें दिसावयास उत्तम होतीं. दोष डोळ्यांस दिसणारा नव्हता. तरी बागाईतदार व निर्यातदार ह्या दोघांसही जबर ठोकर बसली. जमीन, माणसें व पैसा ह्यांचे हिशेब निरनिराळ्या वह्यांत मांडून चालत नाहीं, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

ह्या दृष्टीनें दिंडोरी तालुक्यांतील मोहाडी येथील ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी पाहण्याजोगी आहे. श्री. विलास शिंदे ह्यांच्या पुढाकारानें थोडक्या शेतकऱ्यांनीं द्राक्ष-निर्यात आरंभिली व पुढें त्या कामास कंपनीचें रूप आलें. कंपनी कायद्यांतील २००२ च्या दुरुस्तीनें अशा संस्थेस जागा करून दिली. तिचे सभासद उत्पादकच असतात. भाग कितीही असोत, एका शेतकऱ्यास मत एकच. आणि उरलेला नफा ज्यानें जितका माल दिला त्या प्रमाणांत बोनस म्हणून वांटतां येतो.

ह्याचा लाभ तिहेरी आहे. औषधांच्या अंशाची परीक्षा व शीतगृह हीं एकट्यास परवडत नाहींत. अनेकांनीं मिळून तीं सोसतात. फवारणीची नोंद ठेवून अनावश्यक फवारा टाळला म्हणजे खर्च वांचतो, विहिरीचें पाणी निर्मळ राहतें आणि पंप चालविणाऱ्या मजुराच्या अंगावर विष कमी उडतें. टोमॅटोसारख्या मालावर गांवाजवळच प्रक्रिया झाली, तर भाव पडल्यावर तो रस्त्यावर ओतण्याची पाळी कमी येते व आसपासच्या स्त्रीपुरुषांस काम मिळतें.

तथापि केवळ स्तुति करून आम्ही थांबणार नाहीं. २०२२ सालीं युरोपांतील चार गुंतवणूकदार संस्थांनीं सह्याद्रीच्या संलग्न कंपनींत सुमारें ३१० कोटी रुपये घातले. भांडवलाशिवाय कारखाना वाढत नाहीं हें खरें. परंतु बाहेरचें भांडवल आपला मोबदला मागणारच. अशा वेळीं निर्णयाची दोरी शेतकऱ्याच्या हातीं किती राहते, हें प्रत्येक उत्पादक कंपनीच्या सभासदांनीं डोळ्यांत तेल घालून पाहावें. दुसरें असें कीं, मत केवळ उत्पादकास आहे. छाटणी करणाऱ्या व फळें निवडणाऱ्या मजुरास तें नाहीं. त्याची काळजी कायदा करीत नसल्यास सभासदांच्या सदसद्विवेकानेंच ती केली पाहिजे.

शेवटीं दोष आपलाही आहे. बांधावर आलेल्या व्यापाऱ्यानें किलोमागें दोन रुपये अधिक दिले कीं आपण आपल्याच कंपनीकडे पाठ फिरवितों. मग ती उभी राहावी कशी? पुढील वार्षिक सभेंत नफ्याचा आंकडा वाचला जाईल तेव्हां वाचकांनीं आणखी दोन प्रश्न विचारावे : ह्या वर्षीं फवारे किती कमी झाले, आणि मजुराच्या पदरांत काय पडलें? ह्या दोहोंचें उत्तर समाधानकारक मिळाल्याशिवाय नफ्याच्या आंकड्यावर टाळी वाजवूं नये.