सिमेंट भरलेल्या दाढेला खालून कीड का लागते?

“दोन वर्षांपूर्वी दाढ भरून घेतली, वरून अजून शाबूत आहे, मग थंड पाणी लागताच कळ का येते?” आमच्या खालांचा हा प्रश्न. डॉक्टरांनी सिमेंट काढले तेव्हा खाली काळा भुगा निघाला आणि शेवटी रूट कॅनॉल करावे लागले.

दोष बहुधा भरलेल्या पदार्थात नसतो. तो पदार्थ आणि दात यांच्यामधल्या फटीत असतो. ही फट दिसत नाही, पण तिच्यातून लाळ आणि जंतू आत झिरपतात. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाने कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकसते आणि कडेपासून सुटू पाहते. १९५५ मध्ये अमेरिकेतील मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवले की, दाताचे कवच आम्लाने खरखरीत केले तर वरचा थर त्याला घट्ट धरतो. पण कीड हिरडीपर्यंत गेली असेल तर तिथे कवच पातळ असते किंवा नसतेच. ओलसर दातावर ही पकड सैल पडते.

इथे तळाच्या थराचे महत्त्व कळते. लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी तयार केलेले, १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेले ग्लास आयोनोमर सिमेंट दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक रीतीने जोडले जाते आणि थोडे फ्लोराइडही सोडते. मात्र चावण्याच्या जागी ते एकटे झिजते. म्हणून खाली ते आणि वर कॉम्पोझिट, असा थर देतात. दंतवैद्य त्याला सँडविचच म्हणतात.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड दाताच्या नसेजवळ ठिपक्याएवढेच लावायचे. काळाने ते विरघळते. जास्त पसरले तर आत पोकळी राहते.

दाढ दुखली की आपण घरी लवंगेचे तेल लावतो. त्यातलेच युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरते सिमेंट करतात. ठणका थांबतो, आणि दुसऱ्या खेपेला जायचे राहून जाते! हे सिमेंट महिनोन्‌महिने टिकण्यासाठी नसते. शिवाय त्याच्यावर थेट कॉम्पोझिट भरले तर युजेनॉलमुळे ते नीट कडक होत नाही.

जुन्या ‘चांदी’च्या फिलिंगची गंमत उलटी. सुरुवातीला तिच्या कडेने पाझरते, पुढे तिच्याच गंजाने फट बुजते. केवळ काळी दिसते म्हणून चांगली बसलेली चांदी उकरून काढू नये, असे मला वाटते.

प्रयोगशाळेत काढलेले दात भरून, ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवून मग रंगात ठेवतात. कापल्यावर रंग किती आत गेला ते दिसते. इफ्तारला थंडगार सरबतावर लगेच गरम चहा घेतला की आपल्या दाढाही असाच ताण सोसतात. पूर्ण पाझरमुक्त असा पदार्थ अजून कुणालाच सापडलेला नाही.

म्हणूनच खालांनी दुसरी दाढ भरताना आधी विचारले, “खाली काय घालणार?” डॉक्टरांनी लाळ येऊ नये म्हणून रबराचा पडदा लावला, हिरडीकडच्या कडेपर्यंत ग्लास आयोनोमर दिले आणि सहा महिन्यांनी एक्स-रेसाठी बोलावले. ती तारीख खालांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.